फॉर्मची मागची बाजू

मुलांच्या छळाच्या तक्रारी जिथं येतात, अशा कोल्हापुरातल्या एका कचेरीत मी एकतीस वर्षं टायपिंग करतोय. मला सगळे आण्णा म्हणतात. असले कागद बडवून बडवून माझं एक मत पक्कं झालं होतं: आईबाप होण्याआधी माणसांची परीक्षा घ्यावी आणि निम्म्यांना सरळ नापास करावं. चहाच्या वेळी हे मत मी मोठ्यानं मांडायचो. मग आमच्याकडं घरभेटींच्या कामाला नजीरा आली.

नजीरा जयसिंगपूरची. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, आई लोकांच्या घरी भाकऱ्या करायला जायची. आई कामाला गेली की वडील हिला जुन्या टायरांच्या चळतीत मधोमध उभी करून ठेवायचे, म्हणजे पोरगी रस्त्यावर पळायची नाही. "तवा कुणी फोन केला असता तर अब्बांवर केस झाली असती की, आण्णा!" असं सांगून ती खो खो हसते. त्या हसण्यानं आमचे अमरसिंह साहेब आतल्या खोलीतून चष्म्यावरून बघायचे.

तिची एक खोड होती. घरभेटीचा फॉर्म भरून झाला की ती तो उलटा करायची आणि कोऱ्या बाजूला लिहायची, 'या घराला काय पाहिजे?' खाली एखादीच ओळ. एकदा 'बापाची दारू सोडवायला डॉक्टर', एकदा नुसतंच 'पाण्याचा नळ'. साहेब म्हणायचे, "बाई, ही तक्रार आहे, किराणा मालाची यादी नव्हे." मी पुढची बाजू टाइप करायचो. मागची फायलीत तशीच पडून राहायची.

गेल्या उन्हाळ्यात हुपरीहून फोन आला. तीन वर्षांच्या पोराला आई रोज दुपारी खाटेला बांधून ठेवते. फोन करणारीनं नाव सांगितलं नाही. घरभेटीला दोघांनी जायचं असतं आणि नजीराची जोडीदारीण रजेवर होती, म्हणून साहेबांनी मला पिटाळलं. तिच्या स्कुटीवर मागं बसून हुपरी येईपर्यंत मी अंबाबाईला तीनदा साकडं घातलं. उरलेला वेळ त्या आईला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

दार उघडंच होतं. पूर्णिमा नावाची पंचविशीतली बाई पैंजणाच्या कड्या जोडत बसली होती. समोर गॅसची ज्योत, शेजारी चांदी उजळायच्या ॲसिडची बादली. आणि खाटेच्या पायाशी, कमरेला जुन्या साडीची चिंधी बांधलेला सम्राट. नाव खरंच सम्राट. तो वाटीवर चमचा बडवत होता.

नजीराच्या खांद्यावरची पिशवी बघून पूर्णिमाला वाटलं, व्यापाऱ्यानं तयार माल न्यायला बाई पाठवली. मान पुन्हा कामात घालून तिनं सुरू केलं, "बसा की पावणं. दोनच जोड ऱ्हायलेत. उशीर झालाय, पर ह्येचं काय करू सांगा? अंगणवाडी दुपारी सुटत्या. मोकळा सोडला की ॲसिडात हात घालतंय. सासूबाई हुत्या तवर काळजी न्हवती, दिवाळीला त्या गेल्या. ह्येचे बाबा कारखान्यावर असत्यात. गाठ सैल हाय बरं का, दोन बोटं जात्यात."

मी बोटं घालून बघितली. खरंच जात होती. माझ्या मनातल्या शिव्या मला एकेक करून परत घ्याव्या लागल्या.

मग नजीरानं ओळखपत्र दाखवलं. पूर्णिमाच्या हातातली कडी खाली पडली. गाठ सोडून तिनं पोराला उराशी घट्ट धरलं. "न्यायला आलाय व्हय त्येला?"

मुलं नेण्याची किती पत्रं मी निवांत चहा पीत टाइप केली होती!

"अजून काय ठरलं न्हाय," नजीरा म्हणाली. खोटा धीर ती देत नाही. "बांधून ठेवणं बरूबर न्हाय, आणि ॲसिड पोराच्या हाताशी हे तर लईच वाईट. वर सांगावं लागंल मला."

तेवढ्यात शेजारची म्हातारी उंबऱ्यात येऊन उभी राहिली. चिमणाबाई. "फोन म्या केलाय," ती ओरडलीच. "पोरगं रडतंय म्हणून केला, उचलून न्या म्हणून न्हाय! त्येला नेलासा तर स्कुटीम्होरं आडवी पडंन!"

पूर्णिमा भडकली. "फोन करायच्या आधी दार तरी वाजवायचं की, आत्ती!"

"सांडपाण्यावरनं भांडलीस, तवापास्नं बोलतीस व्हय माझ्यासंगं?"

नजीरानं फॉर्म उलटा केला आणि आधी पूर्णिमाला विचारलं, काय पाहिजे. "दुपारी दोन ते सहा पोराला बघाया माणूस," ती म्हणाली. मग नजीरा म्हातारीकडं वळली. "आणि आजी, तुमास्नी काय पायजे?"

चिमणाबाई गोंधळली. तक्रार करणाऱ्याला असं कोण विचारतं? तिचा मुलगा पुण्याला, घरात ती एकटी. पदराशी चाळा करत ती हळूच म्हणाली, "दुपार लई मोठी असत्या, बाई."

सम्राटनं वाटी टाकून दिली आणि आईच्या कडेवरून म्हातारीकडं झेप घेतली. ॲसिडची बादली मी स्वतः माळ्यावर चढवली, अजून कंबर दुखते. निघताना नजीरानं दोघींना बजावलं, दुपारी पोर चिमणाबाईकडं राहील, त्याला पुन्हा बांधायचं नाही आणि ती न सांगता कधीही येईल.

कचेरीत साहेबांनी फॉर्म पुढून वाचला. चेहरा कडक झाला. "आण्णा, पत्र घ्या. मुलाला बालकल्याण समितीपुढं हजर करा."

एकतीस वर्षांत मी साहेबलोकांपुढं कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. "साहेब, उलटा करा की."

त्यांनी उलटा केला. बराच वेळ वाचत राहिले. तिथं दोनच ओळी होत्या, एक आईची, एक म्हातारीची. मग म्हणाले, "मूल घरीच राहू दे. दर आठवड्याला भेट. आणि आण्णा, दोन्ही बाजू टाइप करा."

समितीनं ते मान्य केलं. नजीरा दर आठवड्याला जाते आणि येताना म्हातारीनं दिलेले शेंगदाण्याचे लाडू आणते. मी मात्र अजून त्या दिवशीच्या टायपिंगवर खूश आहे. लोकांचं बोलणं मी नेहमी शुद्ध करून लिहितो. 'दुपार लई मोठी असत्या' ही ओळ तेवढी होती तशीच ठेवली.