दुसऱ्याच्या नावाची नळी
बाजारात कांद्याच्या गोण्यांजवळून गेले की मला लॅबमधल्या स्पिरिटचा वास आठवतो. बजाजनगरात मी रक्त काढायचे, तेव्हाची गोष्ट. एका कारखान्याच्या कामगारांची वार्षिक तपासणी होती, सकाळपासून रांग लागलेली. त्यातल्या एकाच्या हाताला कांद्याचा वास येत होता आणि शीर लगेच सापडली, एवढंच लक्षात राहिलं. दुपारी त्याचा रिपोर्ट बघून मी चक्रावले. मागच्या वर्षी याच नावावर साखर भरमसाट होती, ती आता अगदी नॉर्मल. आणि किडनी बिघडली की वाढणारं क्रिएटिनीन मात्र तिप्पट. वर्षभरात असं झालं तरी काय? मशीन चुकलं असेल म्हणून तेच रक्त पुन्हा लावलं, पण आकडा हलला नाही. शेवटी फोन करून बोलावलं, तर आलेल्या माणसाच्या हाताला ऑइलचा वास. साखरेचं ऐकून तो हसला, किडनीचं ऐकल्यावर वळून दाराबाहेर बघू लागला. “मॅडम, ते रक्त माझं नाय,” तो हळूच म्हणाला. “साखर निघाली तर कामावरून काढतील म्हणून वैजापूरहून, कांद्याच्या शेतातनं थोरल्या भावाला आणलं. त्याचं तर कधी डोकं बी दुखलं नाय.” भाऊ बाहेर मोटारसायकलपाशी थांबला होता. त्याला आत बोलावलं तर त्यानं आपणहून बाही वर सरकवली आणि मला विचारलं, “ताई, जमलं का याचं?” आजही नळीवर नाव लिहिताना तो प्रश्न कानात येतो. त्या दिवशी मी नवी नळी घेतली होती आणि त्याला त्याचं नाव विचारलं होतं.