जागा ओळखणारं कुलूप

संध्याकाळी बहिणीचं लग्न होतं आणि नागपूरहून येणारा तिचा हार दुपारपर्यंत आला नव्हता. आई आणि मी पावर हाउस भागातल्या सराफाकडे ताटकळत बसलो होतो. शेवटी छातीशी लोखंडी पेटी धरून कुरिअरचा पन्नाशीचा एक माणूस आला. पेटीचं इलेक्ट्रॉनिक कुलूप ठरलेल्या जागी पोचल्यावरच उघडायचं. पण त्यावरचा लाल दिवा काही बदलेना.

घाम पुसत त्यानं विचारलं, "दुकान हलवलं काय?"

"मागच्याच महिन्यात. आधी समोर होतो," सराफ म्हणाला. तिथे आता चहाचं हॉटेल होतं.

"कुलपाले दुकान नाही समजत जी, जागा समजते!" म्हणत त्यानं पेटी उचलली. गाड्या चुकवत आम्ही सगळे त्याच्यामागे पळालो. हॉटेलातल्या टेबलावर पेटी ठेवताच हिरवा दिवा लागला, खट्ट आवाज झाला आणि आईनं टाळ्याच वाजवल्या.

तो मात्र सवयीनं पाठ फिरवून उभा राहिला.

"भाऊ, पाहा ना तुमीबी," आई म्हणाली.

तो संकोचून वाकला. "आठ वर्षं झाले, पेट्या पोचवून राहिलो," तो हळूच म्हणाला. "आतलं सोनं आज पयल्यांदा पायलं."

लग्नात हार सगळ्यांनी पाहिला. पण त्याच्याइतका डोळे भरून कुणीच पाहिला नाही.