चौसष्टावी पायरी

टेकडीवरचा जुना राजवाडा दाखवण्यात दादांची सव्वीस वर्षं गेली. त्यांच्या हाताखाली तिघं गाइड होते, पण 'हाताखाली' म्हटलेलं दादांना खपत नसे. रोज सकाळी तिकीटखिडकीमागच्या खोलीत चौघं चहाला बसत आणि आज पुढे कोणी चालायचं ते एकमतानं ठरवत. पुढच्याच्या हाती लाल छत्री. एकानं मात्र सगळ्यांत मागे राहायचं आणि पुढच्याचं काही चुकलं, तर पाहुण्यांदेखत टोकायचं. दादा चुकले, तर दादांनाही.

बुरुजाच्या पायऱ्या त्रेसष्ट. दादा मुद्दाम चौसष्ट सांगत. लगेच मागून बाई, म्हणजे त्यांच्यातली एकुलती एक गाइडबाई, ओरडे, "दादा, आज एक वाढवलीत? आमचा पगार नाही वाढवलात तो!" पाहुणे हसत आणि कोण खरं ते बघायला मोजत वर चढत. दम लागल्याचं कुणाच्या ध्यानातही येत नसे.

नवे साहेब आले. म्हणाले, "नवीन माणसांना शिकवायला तुमचं बोलणं रेकॉर्ड करून द्या." चौघं हौसेनं बसले. कुणी काय सांगायचं ते वाटून घेतलं, हातचं राखून कुणी काही ठेवलं नाही. नवीन माणसं आलीच नाहीत. आली ती कानात घालायची यंत्रं, आणि चौघांनाही महिनाअखेरीपासून घरी बसायची पत्रं.

दादा यंत्र ऐकून साहेबांकडे धावले. "साहेब, बाईचं बोलणं कापलंत! आता नुसतं चौसष्टच ऐकू येतं. टोकायला माणूस लागतो हो. चौघं नको तर निदान बाईला तरी ठेवा. पोरांचं सगळं तिच्यावरच आहे."

"मध्येच आरडाओरडा होता, काढून टाकला," साहेब म्हणाले. "आणि पायऱ्या मोजतंय कोण, दादा?"

शेवटच्या दिवशी एक पाहुणी मोजत होती. एकदा चढली, उतरली, पुन्हा चढली. दादांना राहवेना. "ताई, त्रेसष्टच आहेत."

तिनं एक कान मोकळा केला. "अहो काका, यात चौसष्ट म्हणतायत. चांगला जाणकार माणूस बोलतोय."

दादांनी सवयीनं मागे पाहिलं. बाई सकाळीच हिशेब घेऊन गेली होती.

घरी येऊन त्यांनी छत्री दाराआड उभी केली आणि बायकोला सगळं सांगितलं.

"अहो, मग सांगायचं ना, तो आवाज माझाच आहे म्हणून!"

"काय सांगू? खोटं मीच बोललोय त्यात."

दिवेलागण झाली होती. तिनं देवापुढे दिवा लावला, हात जोडले. रोज काही ना काही मागायची सवय. आज मात्र काय मागावं, ते तिला सुचेना.