पिकअपची पुढची सीट

गाडीची पुढची सीट चार बोल्टांवर बसलेली असती, आणि चौथा बोल्ट कधीच सुखासुखी निघत न्हाई. त्या दिवशी सकाळपासून मी त्याला शिव्या घालून राह्यलो होतो. डिझेल ओतलं, हातोडीनं ठोकला, त्याच्या सात पिढ्या काढल्या. शेवटी पाना सटकला, बोटाची सालटी निघाली, आणि तवा कुठं तो हालला. घरात कोणी असतं तर हळद घेऊन पळत आलं असतं. मीच उठलो, मीच डबा शोधला, तर डब्यात हळदच न्हाई. मंग बोट तोंडात धरून ओट्यावर बसलो.

आमच्या घरची तवा दोन वर्षांपासून पुण्याला होती, पोराकडं. नातू झाला, सून कामाला जाती, म्हणून दोन महिन्यांसाठी गेल्ती. दोन महिन्यांची दोन वर्षं कशी झाली ते मला बी कळलं न्हाई. त्यात तिची कंबर गेली. डॉक्टरनं मणक्याचं काहीतरी सांगितलं आणि दणके बसू द्यायचे न्हाईत म्हणून बजावलं. आता नातवाला सांभाळायला बाई मिळाल्ती. फोनवर ती म्हणली, "पुतणीच्या लग्नाला येते. आठ दिवस बघते. कंबरेनं तिथलं सोसलं तर राहते, न्हाईतर परत हिकडंच."

तिथलं म्हणजे काय, ते मला बराबर समजलं. हसनाबादच्या पुढं आमच्या वस्तीपर्यंत रस्ता आहे, पण तो म्हणायला. दवाखाना, बाजार, लग्न, मयत, कुठं बी जायचं तर माझी पिकअप. मोसंबी भरलेली असली की ती शहाण्यासारखी चालती. रिकामी असली की खोंडासारखी उड्या मारती. म्हणजे बायको घरी राहणार की न्हाई, हे गाडीच्या सीटवर येऊन ठेपलं होतं. मला एकट्यानं भाकरी थापून खायचा वीट आल्ता, हे सरळ सांगतो. लाज वाटायचं काय त्यात?

गॅरेजात न्यायची माझी ऐपत नव्हती आणि सवय बी नव्हती. घरात जे होतं त्यातच सगळं केलं. सीटचा स्पंज दबून पापड झाल्ता. घरात एक जुनी काथ्याची गादी पडली होती, ती उसवून दोन थर घातले. त्यावर बापाचं घोंगडं घडी करून टाकलं. बाप मेंढरं घेऊन उभा जन्म पायी फिरला. मी लोकांची मेंढरं गाडीत घालून बाजारला नेतो. घोंगडं टोचतं, म्हणून वर चादरीची खोळ शिवली. दाभणानं शिवली, टाके असे वाकडेतिकडे की बघणाऱ्यानं हसावं. पण बसून बघितलं आणि म्हणलं, वा रे पठ्ठ्या!

दाराची फट बुजवायला स्कूटरची फाटकी ट्यूब कापून तिच्या पट्ट्या पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवल्या. धुरळा कमी झाला, दाराचं खडखडणं बंद झालं. पाय ठेवायच्या जागी इंजिनाची धग लागायची. तिथं गोणपाट घातलं आणि वरून कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स अंथरला. साहेबांचं तोंड खाली केलं, बायकोनं पाय ठेवल्यावर उगं कोणाच्या भावना दुखायला नकोत. मंग छोटा पंखा बसवला. पहिल्यांदा वायर उलटी जोडली, तर फ्यूज उडाला आणि हॉर्न मुका झाला. दोन दिवस मी वळणावर मुंडकं बाहेर काढून "ओ, सरका!" करून ओरडत होतो.

चढायला पायरी केली. लोखंडाच्या पट्टीवर टायरचा तुकडा बोल्टांनी आवळला, म्हणजे चप्पल घसरणार न्हाई. राह्यल्या उड्या. पंक्चरवाला म्हणला, "मागं वजन टाक ना, यड्या! रिकामी गाडी उडणार न्हाई तर काय करणार?" मंग खताच्या रिकाम्या पोत्यांत माती भरली, तोंडं सुतळीनं शिवली आणि चार पोती मागच्या चाकांच्या बराबर वर ठेवली. टायरची हवा बी जराशी कमी केली.

आता हे सगळं जमलं का न्हाई, हे बघायचं कसं? मी स्वतः तर स्टेअरिंगवर. मंग सीटवर चुंबळ ठेवली, चुंबळीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला लोटा ठेवला, आणि वस्तीपासून हसनाबादपर्यंत गाडी नेली. पहिल्या दिवशी अर्धा लोटा सीटवर सांडला. पोती सरकवून नीट बसवल्यावर दोन बोटंच पाणी उतरलं. सलग चार दिवस मी लोटा घेऊन फिरलो. खड्डा आला की आपसूक तोंडातून निघायचं, "धर गं, खड्डा हाय." एकदा तर मी त्या लोट्याला गावातल्या भांडणाची सगळी गोष्ट सांगितली. बिलकुल खोटं न्हाई सांगत. दोन वर्षांत माझं एवढं मोठं बोलणं कोणी ऐकून घेतलं नव्हतं.

ती आली. जालन्याच्या स्टँडवर उतरली तवा मी तासभर आधीच जाऊन उभा होतो. वाळली होती, केस पिकले होते. गाडीपाशी आली, पायरीकडं बघितलं आणि म्हणली, "अगं बाई, हे कोणी केलं?" मी म्हणलं, "पुण्याहून मिस्त्री बोलावला होता." हसली. पायरीवर पाय ठेवून अलगद चढली, सीटवर हात फिरवला, पंख्याकडं तोंड केलं. राजूरपर्यंत आम्ही काय बोललो ते मला आठवत न्हाई, पण बोलत होतो. खड्ड्यात ती एकदा बी "आई गं" म्हणली न्हाई. मी मनात म्हणलं, राहती आता ही.

राजूरला माझे चुलते रस्त्याच्या कडंला उभे. चतुर्थीला गणपतीच्या दर्शनाला आल्ते. सत्तरीचे, पण अजून विहिरीत उडी मारत्यात असे टणक. त्यांनी हात केला, मी गाडी थांबवली. न थांबवून कसं चालंल? बाप गेल्यावर तेच आमच्या घरचे मोठे.

पुढं तिघं बसत्यात. पण चुलत सासऱ्याच्या खांद्याला खांदा लावून सून बसत न्हाई, आमच्याकडं हे कोणी कोणाला शिकवावं लागत न्हाई. त्यांना बघितल्याबरोबर तिनं डोक्यावर पदर घेतला, दार उघडलं, खाली उतरली, वाकून पाया पडली आणि मागं चालायला लागली. चुलते म्हणले, "कवा आलीस माय? बरी हायेस ना?" ती म्हणली, "बरी हाये मामंजी." आणि मागच्या फाळक्याला धरून वर चढली. फाळक्याला मी पायरी केली नव्हती.

बोलायचं होतं, देवाशपथ बोलायचं होतं. पण मोठ्या माणसाला मागं बसा कसं म्हणायचं? मी गियर टाकला.

राजूरपासून पुढचाच रस्ता खरा खराब. आरशात मला तिचा नुसता पदर दिसत होता. मातीच्या पोत्यावर बसून तिनं दोन्ही हातांनी लोखंडी दांडी धरली होती. मी गाडी एवढी हळू घेतली की चुलते चिडले, "आरं, बैलगाडी हाय का ही? जल्दी चल की!" मंग सीटवर मांडी घालून म्हणले, "सीट मात्र झकास केलीस लेका. डोळा लागून राह्यला." आणि खरंच घोरायला लागले. मला त्यांचा राग आला, मंग माझाच आला, आणि मंग नुसतं रडू यायला लागलं. ते बी आवरलं, कारण चुलते जागे झाले असते.

वस्तीवर ती उतरली तवा तिला सरळ उभं राहता येत नव्हतं. दोन दिवस विटेनं शेकत पडली. पुतणीचं लग्न तिनं खुर्चीवर बसून बघितलं. भांडली असती तर बरं झालं असतं. सातव्या दिवशी पिशवी भरायला लागली.

मी म्हणलं, "अजून एक थर टाकतो सीटला. हवा अजून कमी करतो. मागं बी गादी टाकतो."

ती पिशवीची चेन लावत म्हणली, "गाडी चांगली केली तुम्ही. गाडीचं काय बी न्हाई. 'काका, हिची कंबर दुखती, तुम्ही मागं बसा,' एवढंच म्हणायचं होतं. त्याला काय खर्चा येत होता?"

मी पिशवी उचलून गाडीत ठेवली.

जालन्यापर्यंत मी सोडतो म्हणलं, तर म्हणली, हसनाबादपर्यंतच सोडा, पुढं जीपनं जाते. जीप भरलेली होती. पुढं ड्रायव्हरच्या बाजूला पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा बसला होता, काठी दोन्ही पायांत धरून. माझ्या चुलत्यापेक्षा दहा वर्षांनी तरी मोठा. ती त्याच्यापाशी गेली आणि पदर सावरून म्हणली, "बाबा, माझी कंबर धरलीय. मागं बसता का जरा?"

"बस की माय," म्हातारा म्हणला, आणि काठी टेकत उतरला.

त्याला राग आला का, म्हणून मी त्याच्या तोंडाकडं बघत राह्यलो. मागं दाटीत बसून तो तंबाखू मळत होता.