निमलला किती मार्क?

टूरवरून घरी आले की माझ्या बॅगेतून दोन गोष्टी हमखास निघतात. हॉटेलातल्या साबणाच्या वड्या आणि किस्से. साबण महिन्याभरात संपतात. किस्से साठतच जातात, कारण पुण्याची माणसं पुण्याबाहेर नेली की जास्तच पुणेरी होतात, असा माझा एकवीस वर्षांचा अनुभव आहे. मी शनिवार पेठेतल्या एका टूर कंपनीत टूर मॅनेजर आहे. म्हणजे लोकांचे पासपोर्ट सांभाळायचे आणि बोलणी खायची.

आज सांगते ते सगळे एकाच टूरचे. श्रीलंका, आठ दिवस, जुनी बौद्ध स्थळं आणि जंगल. माणसं अठरा.

निघायच्या आदल्या दिवशी आमच्या मालकांनी, म्हणजे साठेसाहेबांनी, मला केबिनमध्ये बोलावलं. "मनीषा, तिकडचा तो गाईड निमल. मागच्या ग्रुपनं तक्रार केलीये, इतिहास फार सांगतो आणि शॉपिंगला वेळ देत नाही. या वेळचे फॉर्म बघतो, मग ठरवतो. नाहीतर पुढच्या सीझनला दुसरा माणूस."

फॉर्म म्हणजे टूर संपताना भरून घेतो तो. गाईड कसा वाटला? उत्कृष्ट, चांगला, बरा, वाईट. एकावर टिक करायची. निमल माझ्याबरोबर नऊ वर्षं काम करतोय, मला अक्का म्हणतो. त्यांच्या भाषेतही मोठ्या बहिणीला अक्काच म्हणतात. त्याची बायको बाळंतपणाला टेकलेली, आणि त्याचं वर्षाचं निम्मं काम आमच्याच कंपनीचं. आणि हे सगळं ठरवणार कोण, तर पुण्याची अठरा माणसं.

*

निमल मराठी शिकला तो आमच्या ग्रुपांकडून ऐकून ऐकून. त्यामुळे त्याचा असा पक्का समज आहे की आपण सगळे बोलतो तेच अत्यंत सभ्य मराठी.

कोलंबोच्या विमानतळावर तो हात जोडून हसतमुखानं म्हणाला, "नमस्कार. आपण आलात, आनंद आहे. आता रांगेत उभे राहा, हे आपलं घर नाही. ज्यांना घाई आहे त्यांनी काल यायचं होतं."

मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, संपलं, पहिल्याच तासात सगळे फॉर्म गेले.

अठरा माणसं मुकाट्यानं रांगेत उभी राहिली. कुमुदकाकू माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "किती गं छान बोलतो. अगदी आपल्यातला वाटतो."

*

या कुमुदकाकू केळकर आणि त्यांचे यजमान केळकर सर. सरांनी चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. वय एकाहत्तर, रोज सकाळी पर्वती चढून येतात. खिशात छोटी वही. निमल काहीही बोलला की सर त्यात लिहायचे. काय लिहायचे ते कुणालाच दिसायचं नाही.

अनुराधापूरला मोठ्या स्तूपापाशी चपला बाहेर काढायच्या होत्या. तिथे एक आजीबाई चपला सांभाळायला बसतात. सर म्हणाले, "मला गरज नाही." आणि त्यांनी आपली नेहमीची पद्धत वापरली. डावी चप्पल एका झाडाखाली, उजवी पार दुसऱ्या टोकाला भिंतीशी. एक चप्पल कोणी चोरत नाही, हे आपल्याकडे देवळात जाणाऱ्या कुणालाही माहीत असतं.

तासाभरानं बाहेर आलो तर झाडाखाली काही नाही आणि भिंतीशीही काही नाही. सर तापलेल्या वाळूत एका पायावरून दुसऱ्या पायावर होत म्हणाले, "दोन्ही ठिकाणची गेली. म्हणजे यांचं संघटित काम आहे."

निमल धावत त्या आजीबाईंकडे गेला. कोणाची तरी एक चप्पल इथे आणि एक तिथे हरवलीय असं वाटून त्यांनी उन्हातान्हात फिरून दोन्ही शोधून आणल्या होत्या. जोडी लावून, फडक्यानं पुसून, आपल्या शेजारी सावलीत ठेवल्या होत्या. घ्यायला कोणी येत नाही म्हणून त्या बिचाऱ्या काळजीत होत्या.

सरांनी चपला घातल्या आणि वही काढून काहीतरी लिहिलं. मी निमलकडे बघितलं. त्याचा चेहरा पडला होता.

*

त्याच स्तूपाची दुसरी गोष्ट. काकू रोज कोपऱ्यावरच्या मारुतीला अकरा प्रदक्षिणा घालतात. त्यांनी बसमध्येच जाहीर केलं होतं, "देव कुठलाही असो, मी अकराच घालते. निमलच्या बायकोची सुखरूप सुटका होऊ दे म्हणून घालीन." तेव्हा त्यांनी स्तूप पाहिलेला नव्हता.

पाहिल्यावर त्या म्हणाल्या, "अगं बाई. हा तर डोंगर आहे."

तरी निघाल्या. तीन झाल्या आणि गुडघा धरून सावलीत बसल्या. म्हणाल्या, "आता काय करायचं? बोलून बसलेय." मग त्यांनाच आठवलं की आपल्या वतीनं दुसऱ्यानं घातल्या तरी चालतात. निमल म्हणाला, "काकू, बायको माझी. मी घालतो."

पाऊण वाजताच्या उन्हात हा पोरगा अनवाणी चालायला लागला. काकूंनी पर्समधून आठ लवंगा काढून ओटीत ठेवल्या, आणि त्याची एक फेरी झाली की एक लवंग बाजूला. बाकीचा ग्रुप बसमध्ये एसी लावून बसला होता. निमल घामानं निथळत आठवी संपवून काकूंसमोर उभा राहिला, तर ओटीत एक लवंग शिल्लक.

"पाचवी धरली नाही," काकू म्हणाल्या. "मध्ये फोनवर बोललास."

"काकू, फोन बायकोचा होता."

"मग तर अजिबातच नाही. घाल परत."

*

मिहिंतले म्हणजे सम्राट अशोकाचा मुलगा महेंद्र धर्म घेऊन लंकेत आला ती टेकडी. निमलचा हा सगळ्यात आवडता भाग. महेंद्रानं तिथल्या राजाला विचारलं, हे झाड कोणतं? राजा म्हणाला, आंबा. आणखी आंबे आहेत? आहेत. आंबे सोडून दुसरी झाडं? आहेत. ते दुसरे आंबे आणि ती दुसरी झाडं सोडून आणखी कोणतं झाड आहे? राजा म्हणाला, हे समोरचं, महाराज. तेव्हा महेंद्राची खात्री पटली की याला डोकं आहे, याला शिकवायला हरकत नाही.

"तोंडी परीक्षा," केळकर सर म्हणाले. "आधी प्रवेश परीक्षा, मग शिकवणी. योग्य पद्धत आहे." आणि मग निमलकडे वळून म्हणाले, "आंबा कुठला? कलमी की रायवळ?"

निमल नऊ वर्षं ही गोष्ट सांगतोय. मुलाबाळांसकट हजार लोकांनी ऐकली असेल. हा प्रश्न त्याला कधीच कुणी विचारला नव्हता. तो म्हणाला, "माहीत नाही, सर."

वही निघाली आणि काहीतरी लिहिलं गेलं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला निमल सरांच्या टेबलाशी उभा. डोळे लाल. त्यानं आपल्या शाळेतल्या जुन्या मास्तरांना फोन केला होता, त्यांनी आणखी कुणाला तरी. "सर, कलमं बांधायला लोक आमच्याकडे फार नंतर शिकले. म्हणून तो रायवळच असणार."

सरांनी चहाचा घोट घेतला. "हा तर्क आहे. पुरावा नाही."

"हो, सर."

"पण तर्क केलास," असं म्हणून सरांनी वही काढली. मला त्या वहीचा इतका राग यायला लागला होता की काय सांगू.

*

हत्तींचा किस्सा लहान आहे. जंगलात तळ्याकाठी हत्तींचे कळप येतात ते बघायला जायचं होतं. ग्रुपनं मला बजावून सांगितलं होतं, काहीही दाखवा, पण एक ते चार आडवं व्हायला मिळालं पाहिजे. मी निमलला विचारलं, जमेल का? तो म्हणाला, "अक्का, हत्तीपण चारनंतरच बाहेर येतात."

बसभर समाधान पसरलं. मागून कोणीतरी म्हणालं, "बघा, याला म्हणतात शिस्त."

*

बिबट्याचं मात्र अवघड झालं. आमच्या कार्यक्रमपत्रिकेत कुणा शहाण्यानं 'बिबट्या दर्शन' असं छापलं होतं. पुण्यात छापलेल्या गोष्टीला अर्थ असतो. चार तास जीपमध्ये हाडं खिळखिळी झाली. मोर दिसले, हरणं दिसली, घोरपड दिसली, मगर तर अगदी जवळून दिसली. बिबट्या नाही. निमल देवाचं नाव घेत झाडाझाडावर दुर्बीण लावत होता. जोशी म्हणून एक गृहस्थ दर दहा मिनिटांनी कार्यक्रमपत्रिकेवर बोट ठेवून म्हणत होते, "लिहिलंय."

जेवायच्या थांब्यावर जेमतेम रेंज आली आणि काकूंचा फोन वाजला. त्यांची बहीण ओतूरहून बोलत होती. "कुमुद, अगं पहाटे आमच्या अंगणात बिबट्या येऊन गेला. कोंबडी नेली मेल्यानं. कॅमेऱ्यात आलाय, पाठवते थांब."

मग काय, तीन जीपांतली माणसं श्रीलंकेच्या जंगलात काकूंच्या मोबाईलभोवती गोळा झाली आणि ओतूरचा बिबट्या बघत उभी राहिली. निमलही टाचा उंचावून बघत होता. म्हणाला, "किती जवळ. मला चार महिन्यांत दिसला नाही."

जोश्यांनी पेन काढलं आणि कार्यक्रमपत्रिकेवर 'बिबट्या दर्शन'पुढे बरोबरची खूण केली. मी म्हटलं, जाऊ दे, एक फॉर्म वाचला.

*

शेवटच्या दिवशी विमानतळाकडे जाताना बसमध्ये मी फॉर्म वाटले. लाज गुंडाळून ठेवली आणि प्रत्येकाच्या सीटशी जाऊन हळूच सांगितलं की या पोराचं काम यावर आहे. लोकांनी माझं ऐकलं. पटापट 'उत्कृष्ट'वर टिक पडत गेली. जोश्यांनीसुद्धा केली. काकूंनी तर खाली 'गुणी मुलगा' असंही लिहिलं.

सर खिडकीशी बसले होते. वही मांडीवर, फॉर्म वहीवर. त्यांनी आठ दिवसांची सगळी पानं पुन्हा वाचली, आकडे लावले, बेरीज केली, बेरीज तपासली. मग 'बरा'वर टिक केली, बाजूला सही केली आणि खाली लिहिलं, 'खाडाखोड केल्यास ग्राह्य धरू नये.'

"सर, अहो त्याचं काम जाईल," मी म्हटलं. "घरात बाळ येतंय."

"बाळाचा आणि गुणांचा संबंध नाही," सर म्हणाले. "मी चौतीस वर्षं पेपर तपासलेत. ग्रेस मार्क म्हणजे मुलाचा अपमान असतो. मला तो करायचा नाही."

मला रडूच यायचं बाकी होतं. विमानतळावर निमल वाकून सरांच्या पाया पडला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "अक्का, सरांनी काय लिहिलं?" मी म्हटलं, "छान लिहिलंय." त्याच्या डोळ्यांकडे मला बघवेना. राग म्हणून मी सरांना परतीच्या विमानात मधली सीट दिली. माझ्या हातात तेवढंच होतं.

*

साठेसाहेबांच्या टेबलावर दोन कागद तयार होते. एक निमलचा पुढच्या वर्षीचा करार आणि एक नव्या माणसाचा. दोन्ही बिनसहीचे. मी फॉर्मांचा गठ्ठा ठेवला. सरांचा फॉर्म तळाशी.

त्यांनी पहिला फॉर्म बघितला, दुसरा बघितला. सहाव्यापाशी चष्मा काढला.

"मनीषा, हे किती वेळात भरलेस?"

"साहेब, मी नाही भरले. शपथ."

"पुण्याची सतरा माणसं, सतरा उत्कृष्ट?" साहेब शांतपणे म्हणाले. "आमच्या सोसायटीत पाच माणसांचं पाण्याच्या टाकीवर एकमत होत नाही. आणि हे जोशी. धुकं होतं म्हणून गेल्या वर्षी हिमालयाला 'वाईट' देऊन आलेत." सतराच्या सतरा फॉर्म त्यांनी ड्रॉवरमध्ये टाकून दिले. "तू त्याच्यासाठी खोटं करतेस म्हणजे गाईडमध्ये काहीतरी गडबड आहे."

चांगलं करायला गेले आणि त्याचं होतं तेही घालवून बसले, असं वाटलं.

तेवढ्यात त्यांच्या हाताला तळाचा फॉर्म लागला. टिक पाहिली, सही पाहिली, खाडाखोडीची ओळ दोनदा वाचली. "हा खरा दिसतोय. 'बरा'. नेमकं काय खटकलं ते याच गृहस्थांना विचारू." त्यांनी नंबर लावला आणि फोन स्पीकरवर टाकला.

फोन काकूंनी उचलला.

"केळकर सर आहेत का? टूरच्या ऑफिसातून बोलतोय. त्यांनी आमच्या गाईडला 'बरा' लिहिलंय, तर काही तक्रार होती का?"

मग काकूंचा आवाज एकदम खाली आला. "काय लिहिलंय?"

"बरा."

"यांनी? स्वतःच्या हातानं?"

"हो. सही आहे खाली."

"साहेब," काकू म्हणाल्या, "आमचा मुलगा बोर्डात आला, तेव्हा 'पुढच्या वेळी बघू' म्हणाले होते. माझ्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, मी अजून 'चालेल'वर आहे."

साठेसाहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. निमलचा करार पुढे ओढला, पेनचं टोपण काढलं आणि सही केली.

फोन ठेवायचा राहूनच गेला होता. त्यातून लांबून काकू ऐकू येत होत्या.

"अहो, इकडे या बघू जरा. उजेडात या. जीभ दाखवा."