भोंग्यातला पेनड्राइव्ह

अकोल्याचे काका, म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, गेल्या हिवाळ्यात वारले. पण त्यांची भाजीची गाडी आणि तिच्यावरचा भोंगा चालूच राहिला. भोंग्याला एक पेनड्राइव्ह लावलेला, त्यात काकांचा आवाज: "मेथी घ्या, गवार घ्या, मोर्शीचे संत्रे घ्या!" दुसरीकडे कुठेही तो आवाज नव्हता. मावशी गाडी ढकलायची आणि काका ओरडायचे. मला ते ऐकवत नसे, तिचा मात्र दिवस त्यावर निघायचा.

मावसबहिणीची ऑनलाइन परीक्षा तोंडावर आली आणि तिचा लॅपटॉप धड चालेना, सुरू झाला तरी मधेच बंद पडायचा. म्हणून मी अमरावतीहून गेले. विंडोज नव्याने टाकायचं, तर आधी पेनड्राइव्ह बूटेबल करायला हवा, म्हणजे लॅपटॉप त्याच्यावरूनच सुरू होईल असा. घरात पेनड्राइव्ह एकच, भोंग्यातला. मी म्हटलं, "राहू दे, नवा आणते." पण बहीण घायकुतीला आलेली. "बाबाचा आवाज काढून ठेवला मी. कर तू."

माझ्या लॅपटॉपला तो लावला. यातलं सगळं पुसलं जाईल, अशी सूचना आली. बहिणीला पुन्हा विचारलं, ती पुन्हा हो म्हणाली. हिरवी पट्टी सरकत सरकत भरली. मग तिच्या लॅपटॉपची पाळी.

"सी ड्राइव्ह पुसते आहे. त्यात काही आहे?"

"सी मधी काहीच नाही. माह्यं सारं डी मधी हाये."

विंडोज झकास बसलं. कोरा निळा स्क्रीन उघडला आणि बहिणीचा चेहराच उतरला.

"इथंच त ठेवला होता. डेस्कटॉपवर. सी मधी नाही, बाहेर, समोर."

डेस्कटॉपही सी मध्येच असतो, हे तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. असा संताप आला की एक ठेवून द्यावी, आणि लगेच तिला पोटाशी धरावंसं वाटलं. पुसलेल्या फाइली शोधणारं सॉफ्टवेअर चालवलं. कुणाची तरी लग्नपत्रिका सापडली. आवाज नाही.

मावशी भांडी घासत होती. तिला सांगितलं. "लॅपटॉप सुदरला ना?" एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती गाडी तशीच मुकी घेऊन गेली. परतली तेव्हा अर्धी मेथी उरली होती. पाणी प्यायली आणि माझ्याकडे न बघताच बोलली.

"थ्या वरच्या मजल्यावरच्या बाई कधी खाली उतरत नाहीत, दोरीनं थैली सोडतात. आज त्यायनं वरूनच इचारलं, काहून ओ, भाऊ बिमार हायेत काय? मी म्हनलं, हो, जरासे बिमार हायेत."