चारशे चौऱ्याऐंशी

सांगलीच्या हळदीच्या सौद्यात तात्याबाचं तोंड कमी आणि बोटंच जास्त चालायची. तिथं भाव कुणी ओरडून सांगत नसे. हातांवर रुमाल टाकायचा आणि आत समोरच्याची बोटं धरायची. एक बोट म्हणजे एक, सगळा पंजा म्हणजे पाच, पंजा धरून वर तीन बोटं म्हणजे आठ. बघणाऱ्याला काही पत्ता लागत नसे.

घरी मात्र हा दलाल बायकोला, हरणाबाईला, आकड्यांची कोडी घालायचा. उलटा वाचला तरी तोच राहील असा आकडा, आणि तो एखाद्या आकड्याला त्यानंच गुणून आलेला पाहिजे. चौथी शिकलेल्या हरणाबाईला एकशेएकवीस ठाऊक होता, अकरा गुणिले अकरा. पुढचा विचारला की ती म्हणायची, "माझी भाकरी करपंल. तुमीच काढा."

चौऱ्याहत्तरच्या दिवाळीनंतर तात्याबाला अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवं अंग गेलं, नजर आढ्याला लागली. डॉक्टर म्हणाले, यांना आता काही समजत नाही. मुलानं, अर्जुनानं, ते मानलं. हरणाबाईच्या जिवाला मात्र एकच घोर. माणूस आत हाय का न्हाई?

माघात एकदा अंग पुसून तिनं चादर वर ओढली. तिचा हात आतच होता. तात्याबाच्या डाव्या हातानं तिचं एक बोट धरलं. सोडलं. मग दोन धरली. मग पुन्हा एक.

ती वाकून हळूच म्हणाली, "आवं, म्होरला कंचा?"

मग चार बोटं. मग पंजा आणि तीन. मग पुन्हा चार. आणि थोडं थांबून दोन, पुन्हा दोन. तिनं कोळशानं फरशीवर बाविसाला बाविसानं गुणलं. चारशे चौऱ्याऐंशी.

हात जोडायला ती देव्हाऱ्याकडं वळली आणि तशीच थिजली. देव्हारा त्याच खोलीत, खाटेच्या उशाशी. इथंच सून नाकाला पदर लावून घाण येते म्हणायची. इथंच अर्जुना पाहुण्याला म्हणाला होता, दादा कवाच गेलं, आता नुसती कुडी हाय. आणि हरणाबाईनं स्वतः इथंच उभं राहून, मोठ्यानं, देवाला नारळ बोलला होता, ह्यांना सोडव म्हणून.

त्यानं सगळं ऐकलं होतं.

तिनं अर्जुनाला बोलावून चादरीखाली हात घालायला लावला. "इचार, दादांना काय बी आकडा इचार." त्यानं विचारलं. पुन्हा विचारलं. बोटं हलली नाहीत.

"आई, तुला भास झाला," तो म्हणाला, आणि सुटल्यासारखा उठून बाहेर गेला.

तिनं आपला हात आत घातला. तात्याबाची मूठ घट्ट मिटलेली होती. तिनं एकेक बोट सोडवायला घेतलं, पण त्यानं ते सोडवू दिलं नाही. पुढचा आकडा मग तिला कधीच मिळाला नाही.

शिमग्याच्या आत तो गेला. नारळ फोडायचा राहिलाय, अशी सुनेनं आठवण करून दिली, तेव्हा हरणाबाई देव्हाऱ्याकडं पाठ करून चुलीकडं गेली.